दिवाळीआधीचं कार्ड

१३ मार्च १९९५, कळंब
काल सकाळी आजी गेली. मी वेणी घालत होते, आबांनी हाक मारली. त्यांचा आवाज कधी असा ऐकला नव्हता.
सगळे म्हणतात सुखानं गेली, लेकाच्या घरात, अंथरुणावर. अर्धं आयुष्य ती उघड्यावर झोपली, उशाला कुऱ्हाड घेऊन. भिंतीकडे बघत मरण्यात तिला कसलं सुख

१५ मार्च
मी शिकवते त्या अंथुर्ण्याच्या शाळेत रजा कळवली.
भेटायला येणारे तिच्याच गोष्टी सांगतात. आजोबा गेले तेव्हा आबा पाळण्यात. भावकी म्हणाली, मेंढरं वाटून घेऊ, तू घरी बस. ती म्हणाली, "मेंढरं माज्यामागं येत्यात, तुमच्या न्हाय." घोडीवर बिऱ्हाड लादलं, वर आबांना बांधलं आणि वरंधा घाट उतरून कोकणात. मग दर वर्षी दिवाळी झाली की निघायची, पावसाच्या तोंडावर परत. आमची मेंढरं विकली तरी पुतण्याच्या, म्हणजे बिरूतात्याच्या मेंढरांच्या तळाबरोबर जात राहिली.
एकदा एकटीच एस.टी.त बसली. कंडक्टर म्हणाला, "म्हातारे, कुठवर?" म्हणाली, "तुजी गाडी जाईल तितवर दे. म्होरं माजं पाय हायत."
सगळे हसले. आबासुद्धा. मी उठून मागच्या दारी गेले.

१७ मार्च
बाया दाराशी आल्या, साक्षरता वर्ग कधी सुरू करणार म्हणून. फळ्यावर माझ्याच अक्षरातलं वाक्य अजून आहे : आपलं पत्र आपण वाचावं, दुसऱ्याच्या तोंडाकडं बघू नये. दोन वर्षांपूर्वीचं. वाटलं होतं, यासाठीच शिकले.
आई पण वर्गाला येते. मागे बसते, बोट ठेवून एकेक अक्षर लावते. आजी कधी आली नाही. "तू हायस की गं वाचायला."
फळा पुसला.

२१ मार्च
दहावा झाला. बिरूतात्याचा तळ कोकणात कुठल्या रानात आहे कुणास ठाऊक, त्याला निरोपच पोचला नाही. नदीवर सगळे तिच्या इच्छा आठवत होते, काय राहिलं, काय राहिलं. मला माहीत होतं. बोलले नाही.
इथे लिहिते. इथे तरी.
महाडच्या पलीकडे हलिमाबी. तिच्या भातखाचरात आमची मेंढरं बसायची, खतासाठी. आजीचं जातं तिच्याच पडवीत असतं, दर वर्षी कोण वाहून आणणार. दसरा झाला की हलिमाबी सुनेकडून कार्ड लिहून घेते, ये म्हणून. ते मी वाचायचं, मग आजी घोडीचा नाल बघायची. तीस वर्षांची रीत, वाचणारे तेवढे बदलले.
गेल्या आश्विनात बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, छाती कमजोर आहे, चालणं बंद. आजी ऐकेना. शेवटी म्हणाली, "हलिमाचं कार्ड आलं की जायचं. न्हाय आलं तर समजायचं, तितं आपलं काम सरलं."
कार्ड आलं. पोस्टमननं माझ्या हातात दिलं. "तुझी जागा राखली आहे. जात्यावर पोरं बसतात, मी उठवते."
मी ते पदवीच्या फाईलमध्ये ठेवलं.
तिच्या जिवासाठी. खरंच तिच्या जिवासाठी.

२२ मार्च
रोज विचारायची, "आलं का गं?" मी नाही म्हणायचे. भाऊबीज झाली, तळ हलला. बिरूतात्या दारात थांबला, "चुलते, येतीस न्हवं?" ती म्हणाली, "जा बाबा. हलिमा विसरली."
त्यानंतर विचारलं नाही. घोडी विकायला तिनंच सांगितलं. मग भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडायला हवं होतं.
हे कुणाला सांगू

२७ मार्च
शाळेत गेले. मुलांना खरे बोलावे हा धडा होता. पुढचा घेतला.
हलिमाबीला कळवायला हवं. पाच कार्डं लिहिली, फाडली. 'आजी वारली' एवढं लिहून टाकता येतं. मग ती विचारील, माझं कार्ड पोचलं होतं का? 'पोचलं नाही' लिहायला एक ओळ पुरते. हात तिथे थांबतो. एकदा अक्षरं लपवली, आता खोटी लिहायची?

४ एप्रिल
कोकणातून कार्ड आलंय. आजीच्या नावानं.
मी शाळेतून आले तर आबांच्या हातात. त्यांना सहीपुरतंच येतं. "शिक्का वळकतो मी. बघ काय लिवलंय."
उभ्या उभ्या वाचलं. 'बिरू म्हणतो तू माझ्यावर रागावलीस. मी काय केलं? कार्ड दिवाळीआधीच टाकलं होतं. बिरू परवा भेटला, म्हणाला तुला मिळालंच नाही. म्हणून हे पुन्हा.' अजून तिला माहीतच नाही की आजी
आबांना म्हटलं, अक्षर लागत नाही, चहा झाल्यावर वाचते. पहिल्यांदाच कुणाला असं म्हणाले मी. आबा म्हणाले, "तुला लागंना? बी.ए. झालीस तू."
तेवढ्यात आईनं हात पुसले आणि कार्ड घेतलं. "मी बघते. शिकवलंस कशाला मग?"
उंबऱ्यात बसली आहे, उजेडाला. बोट ठेवून. आबा समोर. मी आत, हे लिहिते आहे. सगळं ऐकू येतंय.
"बि... रू... म्ह... म्हणतो." आबा म्हणाले, "आपला बिरू!"
मी बाहेर जाऊन म्हटलं, आई, दे, मी वाचते. वर न बघता म्हणाली, "सांगू नगंस. माजी मीच लावते."
पहिली ओळ झाली. दुसरी झाली. "मी... का... य... के... लं." आबा पुढे सरकून बसले.
आता तिसरी.
"का... र्ड... दि... वा..."