शाबासकीची बाटली

४ मार्च
निलंबन! माझा धाकटा दीर पिऊन क्रेनवर चढला आणि पत्र्यांचा गठ्ठा भिंतीवर आदळला. माणूस वाचला, भिंत गेली. चूक आहे, शंभर वेळा चूक! पण कागदावर सही कुणाची? यार्डसाहेबांची! तातडीचा माल वेळेत भरला की क्रेनवाल्यांना बाटली वाटणारा हाच गृहस्थ. "घ्या, अंग मोकळं होईल." यार्डात त्या बाटलीला सगळे 'शाबासकी'च म्हणतात. आधी पाजायचं, मग झिंगला म्हणून हाकलायचं. चोर तो चोर, वर शिरजोर!

५ मार्च
युनियनची सचिव म्हणून साहेबांना भेटले. मागणी सरळ – आधी उपचार, नोकरी शाबूत, बरा होईपर्यंत त्याला क्रेन बंद.
"बाई, दिराची वकिली करताय."
"यार्डाची करतेय. शाबासकी थांबवा."
"कसली शाबासकी?"
चेहऱ्यावरची माशी हलली नाही!

७ मार्च
घरात दुसरी आघाडी. भावजी म्हणतात, "उपचाराला गेलो की कपाळावर बेवड्याचा शिक्का. त्यापेक्षा राजीनामा देतो."
जाऊ पातेलं आपटून म्हणाली, "शिक्का बसायचा राहिलाय होय? अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तुम्हालाच काय ते नवीन!"

९ मार्च
जेवणाच्या सुट्टीत हुकवाल्याने गाठलं. क्रेनखाली उभं राहून गठ्ठे हुकाला अडकवतो तो. त्या दिवशी पत्रे त्याच्याच कानाजवळून गेले.
"ताई, भाषण झकास करता. पण तुमच्या दिराच्या हुकाखाली तुम्ही उभ्या राहाल?"
नाही राहणार! म्हणूनच तर उपचार मागतेय! – हे आत्ता सुचतंय. 

१० मार्च
भावजींना त्याचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ताटावरून उठून गेले. जाऊ माझ्याशी बोलत नाही. परवा गेटसभा, मागणीवर मतदान. ज्याच्यासाठी घसा फोडायचा, त्यालाच नको असेल तर?

१२ मार्च
भाषण झालंच नाही. मी तोंड उघडणार तोच भावजी गर्दीतून पुढे आले. "मी पितो. बरा होईस्तोवर मला वर चढू देऊ नका. वहिनी, उपचाराला माझं नाव द्या."
मग हुकवाला, खाली बघत –
"माझंही द्या, ताई."