घर नातीला, 'नको' नातीला

मी, हे लिहिणारी, एका मुलाची आणि एका लेकीची आई, एका नातीची आजी, राहणार याच घरात आणि धंदा याच घराच्या पुढच्या खोलीत, असं लिहून ठेवते की माझे गुडघे गेले आहेत, एक डोळा अर्धा गेला आहे, डोकं मात्र जागेवर आहे. हा कागद मी कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने लिहीत नाही. या घरात धाक घालणारं माणूस माझ्याशिवाय दुसरं कधी नव्हतंच. शाळा मला फारशी झाली नाही, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ कोणी तपासू नयेत. अर्थ तपासावा, कारण मागच्या वेळी तोच चुकला.

वकिलांकडून लिहून घेतलेलं माझं आधीचं मृत्युपत्र या कागदाने रद्द केलं आहे. का केलं ते पुढे येईल. आधी एका शब्दाचा खुलासा करते, नाहीतर पुन्हा तेच होईल.

'नको' हे माझ्या कुत्र्याचं नाव आहे. या कागदात जिथे या शब्दाला दोन्ही बाजूंनी वर शेपट्या काढल्या आहेत, तिथे कुत्रा समजावा. शेपट्या नसतील तिथे नकार समजावा. कुत्र्याला शेपूट असते, नकाराला नसते, एवढं वकिलांनाही लक्षात ठेवता येईल.

नाव असं का, तर एक नवरा-बायको हे पिल्लू माझ्याकडे केस कापायला घेऊन आले. राखाडी, दाढीमिशीवालं, भुवया डोळ्यांवर आलेल्या. या जातीला श्नाउझर म्हणतात. माझ्या तोंडात तो शब्द बसत नाही, मी मिशीवाला म्हणते. बाईने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं की सोफ्याच्या रंगाला शोभतो म्हणून घेतला. पिल्लू सोडून दोघं जी गेली ती गेलीच, फोनही बंद. सोफा बदलला असणार.

मी म्हटलं, हे आपल्याला नको. मुलगा म्हणाला, आई, मुळीच नको. सून दारातूनच म्हणाली, माझ्या खोलीत तर नकोच नको. पिल्लाला वाटलं, सगळं घर आपल्यालाच हाका मारतंय. नको म्हटलं की ते पळत येऊन म्हणणाऱ्याच्या पायांवर बसायचं. चप्पल चावू नको म्हटलं, तर चप्पल तोंडात धरून हजर. तेव्हापासून या घरात काही नाकारायचं असेल तर 'राहू दे' म्हणतात. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रत्येकाला, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

आता वाटण्या.

पहिलं, घराविषयी. सदर घर माझं आहे. ('सदर' हा शब्द मला वकिलांकडून मिळाला. तेवढाच एक उपयोगाचा निघाला.) माझे यजमान माणसांचे केस कापायचे, याच पुढच्या खोलीत. मी लग्नाआधी कुत्री पाळून विकणाऱ्या एका बाईकडे कुत्री धुवायला होते, तिथे हात बसला. लग्नानंतर एकदा दुकान बंद असताना मी यांची कात्री घेऊन शेजारणीच्या कुत्र्याची दाढी नीट केली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतीच्या कापडातून कुत्र्याचे केस निघाले. गिऱ्हाईक उठून गेलं आणि हे माझ्याशी बोलेनासे झाले. बोलायला लागले तेव्हा पहिलं वाक्य हे होतं: "ती कात्री आता तूच ठेव, मी दुसरी आणतो." दुसरं वाक्य आठवत नाही. बोलणं त्यांना जमायचं नाही. पण त्या खोलीच्या मधोमध पडदा लावला, पलीकडे यांची माणसं, अलीकडे माझी कुत्री. माणसं जास्त हलायची. जाण्याआधी यांनी घर माझ्या नावावर केलं. मी म्हटलं, मुलाला काय वाटेल? हे म्हणाले, "म्हणून तर करतोय." 

दुसरं. यांची खुर्ची, ती फिरणारी, आणि तिच्यासमोरचा मोठा आरसा मुलाला द्यावा. खुर्चीत बसून आरशात पाहावं. जास्त काही करायची गरज नाही.

तिसरं. केस कापायचं मशीन सुनेला. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखान्यात होते, आणि तेवढ्यात तिने 'नको'ला उकडतंय म्हणून त्याच्यावर हे मशीन फिरवलं. पाठ, मान, पाय, दाढी, भुवया, सगळं. मिशीवाल्याचे पाठीवरचे केस तारेसारखे असतात. ते मेले की चिमटीत धरून उपटायचे, तो जांभया देत उभा राहतो, दुखत नाही. मशीन फिरवलं की पुढच्या वेळी कापूस उगवतो. आणि भुवया काढल्यावर तो दिसायला कसा झाला, तर हुबेहूब सुनेच्या भावासारखा. मी पट्टी बांधलेल्या डोळ्याने घरी आले आणि एक उघडंवाघडं जनावर माझ्याकडे बघत उभं. मी विचारलं, हा कोणाचा? सून म्हणाली, "आई, आता तमाशा नको." तो धावत तिच्या पायांवर बसला, तेव्हा मला ओळख पटली. मशीन तिने जपून ठेवावं आणि तिच्याकडच्या कोणाच्याही डोक्यावर फिरवावं.

चौथं. बँकेत जे असेल ते लेकीला. ती लांब राहते, सणवार सोडून फोन करत नाही, केला तर कुत्रा कसा आहे ते विचारते आणि मला विचारायचं विसरते. पण खोटं बोलत नाही. या घरात तेवढंही पुष्कळ झालं.

आता मूळ गोष्ट. आकडे घालायचे मी सोडते, कारण राग आला की मला मोजता येत नाही.

वकील घरी आले तेव्हा टेबलावर लांब कानांचं एक कुत्रं ओलं उभं होतं. ते तसंच ठेवता येत नाही, कानांना वास येतो. मी वाळवायचं मशीन चालू ठेवूनच सांगत होते. मुलगा वकिलांच्या शेजारी बसला होता, त्यानेच त्यांना गाडीतून आणलं होतं. मी सांगितलं ते शब्द असे होते: घर नातीला, 'नको' नातीला, कात्र्या नातीला. वकिलांना शेपट्या ऐकू आल्या नाहीत. त्यांना वाटलं, म्हातारीने मधेच विचार बदलला. त्यांनी लिहिलं, घर नातीला देऊ नये, नातीला कात्र्या द्याव्यात, आणि घर उरलं म्हणून ते मुलाला. मशीनच्या आवाजात त्यांनी वाचून दाखवलेलं मला काय ऐकू येणार? ओल्या हाताने सही केली.

पुढे एका सकाळी मुलगा एका ठेकेदाराला घेऊन आला आणि दोघं फीत लावून माझी पुढची खोली मोजायला लागले. इथे मोबाईलचं दुकान, वर भाडेकरू. मी म्हटलं, कोणाचं घर मोजतोस? म्हणाला, आई, तूच लिहून दिलंयस. 'नको' टेबलाखाली होता. मी विचारलं, आणि याचं काय? म्हणाला, अशा कुत्र्यांसाठी संस्था असतात, आणि दुकानात कुत्रा बरा दिसत नाही. बोलताना फितीचं टोक त्याने टेबलाच्या पायाला अडकवलं होतं. 'नको' ते टोक चाटत होता.

मी कागद काढून वाचला. मला वाचायला वेळ लागतो, पण पोचते. वकिलांना बोलावून विचारलं तर ते बिचारे घाबरले. म्हणाले, आजी, मला शंका आली होती, मी तुमच्या चिरंजीवांना विचारलं होतं, घर नातीला नको असंच ना?

आणि चिरंजीव काय म्हणाले?

"म्हणाले, आई म्हणाली ना, नको."

यात एक अक्षर खोटं नाही. मी खरंच तसं म्हणाले होते. त्या शब्दाला जो कुत्रा रोज त्याच्या पायांवर येऊन बसतो, तो तेव्हाही येऊन बसला असणार. पायावर कुत्रा आणि तोंडात ते वाक्य. मुलाला मी शिव्या देत नाही. त्याला आरसा दिला आहे.

म्हणून या वेळी लांब कानांचं, आखूड कानांचं, कुठलंच कुत्रं टेबलावर न घेता, कोरड्या हाताने लिहिते:

घर नातीला. 'नको' नातीला. कात्र्या, कंगवे, टब, टेबल आणि यांची पहिली कात्री नातीला.

नात म्हणजे माझ्या लेकीची मुलगी, जी टायरच्या कंपनीत हिशेब बघते आणि रविवारी इथे येते. तिचा हात चांगला आहे म्हणून दिलं असं कोणी समजू नये. तिचा हात लाकडी आहे. एकदा तिने 'नको'ची एक भुवई अर्धी उडवली आणि तो कितीतरी दिवस प्रत्येक गोष्टीवर शंका घेतल्यासारखा दिसत होता. गिऱ्हाइकांशी ती गोड बोलते, हाही दोषच. तिसऱ्या मजल्यावर बर्फातला कुत्रा आणून त्याच्यासाठी दिवसभर एसी लावणाऱ्या गृहस्थांना तिने चहा पाजला. मी असते तर त्यांना एसीसमोर बसवून केस उपटले असते. घरात केस गळायला नकोत म्हणून कुरळ्या केसांचं कुत्रं घेणारी एक बाई येते, ते विंचरावं लागतं हे कळल्यापासून ती माझ्यावरच रागावली आहे. तिलाही नात समजावत बसते. असल्यांना समजत नसतं. त्यांच्या कुत्र्याला समजतं, त्याच्याशी बोलावं.

नातीला सूचना. 'नको'ला तळकट काही द्यायचं नाही, या जातीचं पोट लगेच बिघडतं, आणि तो उपाशी असल्याचं नाटक फार सुरेख करतो. दाढी जेवण झालं की पुसायची. पाठ बोटांनी, पोट कात्रीने. तो गेल्यावर दुसरा आणायचा असेल तर पिल्लू बघू नकोस, त्याची आई बघ. आई दाखवायला जो टाळतो त्याच्याकडून घेऊ नकोस. सगळ्यांत आधी धावून येतं ते घरात सोडलं की उच्छाद मांडतं, कोपऱ्यात दडतं ते जन्मभर दडतं. मधलं एखादं असतं, जे आपला उद्योग सोडून एकदा तुझ्याकडे बघतं आणि परत उद्योगाला लागतं. ते घे. रंग बघू नकोस. सोफ्याला कुत्रं शोधणारी माणसं पुढे काय करतात ते आपल्याला माहीत आहे.

तिलाच का दिलं, तेही लिहिते, नाहीतर मुलगा म्हणेल म्हातारीचे कान भरले. गेल्या रविवारी मी तिला सगळं सांगितलं. 'नको' आता म्हातारा झाला आहे. त्या दिवशी तो पोटदुखीने टेबलाखाली पडून होता. सकाळपासून मी हाक मारली तरी उठला नव्हता. जनावरांच्या डॉक्टरीण बाई येऊन सुई देऊन गेल्या होत्या. नात जमिनीवर बसली होती. ऐकून घेतलं आणि खाली मान घालून अगदी हळू म्हणाली, 

"आजी, घर नको. मामाला वाईट वाटेल."

टेबलाखालून आधी पुढचे पाय आले, मग बाकीचा. घसरत, थांबत तिच्यापर्यंत गेला आणि ओली दाढी तिच्या मांडीवर टेकून पडला. ती म्हणायला लागली, अरे, मी तुला नव्हतं रे बोलावलं. मी म्हटलं, बोलावलंस. आता सांभाळ. आणि तो जिथे पडायला शिकलाय ती जमीन त्याच्यासकट घे.

तेव्हा अशी अट की 'नको' आहे तोवर सदर घर कोणी मोजू नये, पाडू नये, त्यात मोबाईल विकू नये. तो गेल्यावर तिने घराचं काय वाटेल ते करावं. मामाला वाईट वाटणार असेल तर वाटू द्यावं, त्याला थोडं वाटायला हवंच आहे.

हा कागद अंमलात आणायचं काम वकिलांकडे. चूक त्यांनी केली, निस्तरावी त्यांनी. सगळ्यांना एकत्र बसवून त्यांनी हा मोठ्याने वाचावा, आणि वाचताना 'नको'ला खोलीत ठेवावं. जिथे जिथे तो शब्द येईल तिथे शेपटी आहे का नाही हे तो स्वतः सांगणार नाही, तो प्रत्येक वेळी उठेल. पण मुलाला आपल्या पायांकडे बघावं लागेल.

साक्षीदार पहिल्या : जनावरांच्या डॉक्टरीण बाई. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला मी त्यांच्याकडेच मागितला होता. त्या म्हणाल्या, तो आम्हाला फक्त जनावरांचा देता येतो. मी म्हटलं, तेवढा पुरे. तरी नुसती सहीच केली. (सही)

साक्षीदार दुसरे : समोरचे शिंपी. यांचे जुने गिऱ्हाईक, पडद्यापलीकडचे. हलायचे फार. (सही)

दोघांनी मला सही करताना पाहिलं, मी दोघांना. मशीन बंद होतं.

लिहून ठेवणार : आजी (सही, कोरड्या हाताची)

स्थळ : पुढची खोली, टेबलाजवळ. दिनांक : वकिलांच्या शिक्क्यावर असेल तोच, वार रविवार.

खुलासा : माझ्या सहीवर जो ओला डाग पडून शाई पसरली आहे ती खाडाखोड समजू नये. सह्या झाल्यावर शिंप्यांनी विचारलं, आजी, आणखी काही लिहायचं राहिलंय का? मी म्हटलं, नको. कागद माझ्या मांडीवर होता, आणि तो तेव्हा पाणी पीत होता.