टाळू लवकर भरली

४ नोव्हेंबर
लसीकरण. अकरा लेकरं, सगळी एका सुरात. शेवटी पूजाचा मुलगा, साडेतीन महिन्यांचा. सोबत तिची सासू, कौसल्यामावशी. मावशींनी ऐटीत टोपडं काढलं. "पाहा सिस्टर, टाळू भरली! रोज तेलाचा बोळा ठेवून राह्यली मी. माह्या हाताचा गुण हाय."
बोट ठेवलं. मऊ जागा कुठेच नाही. वर्षभर तरी उघडी राहायला हवी होती. मधोमध, पुढून मागे, कडक उंचवटा. डोकं लांबुळकं.
"संध्याकाळी जेवाले या," मावशी म्हणाल्या. गेले, जेवले. बोलले काहीच नाही.

५ नोव्हेंबर
ट्रेनिंगची जुनी वही काढली. बाळाच्या कवटीची हाडं सुटी, मध्ये शिवणी. मेंदू वाढतो तशा त्या जागा देतात. एखादी शिवण आधीच जुळली की डोकं रुंद व्हायचं थांबतं, भलतीकडे लांबतं. कधी मेंदूवर दाब येतो. ऑपरेशन आहे, पण वेळेत. पहिल्या काही महिन्यांतच बरं.
आता खरं लिहिते. दीड महिन्याच्या लसीलाच तो उंचवटा बोटाला लागला होता. मावशी म्हणाल्या, "मीच चापून-चोपून बसवून राह्यली डोक्सं. राईच्या उशीवर निजवतो त्याले." मी मान डोलावली. कार्डावर 'ठीक' लिहिलं. अडीच महिन्यांच्या वेळी तर टोपडंही काढायला लावलं नाही. वीस वर्षं नोकरी करून ही अक्कल.

७ नोव्हेंबर
मावशींच्या घरी जाऊन सांगितलं. अकोल्याला दाखवावं लागेल. मावशी सोयाबीन निवडत होत्या.
"माह्या हातानं लेकरू खराब झालं मनता का?"
नाही, नाही म्हणत राहिले. त्या सूप तिथेच टाकून आत गेल्या. पूजा खाली मान घालून. चहा झाला नाही.
सहा वर्षं या गावात. माझ्यासाठी ताट वाढणारं हे एकच घर. ते गेलं की मी आणि लसींचा डबा.

११ नोव्हेंबर
गावातली आशा कार्यकर्ती सांगत होती, मावशी विहिरीवर म्हणाल्या, "सिस्टरले सोताचं लेकरू नाही, म्हून आमच्या लेकरात खोट काढते."
आधी संताप आला. मग रडू. नोंदवही उघडी तशीच.

१४ नोव्हेंबर
पूजा एकटीच आली, मूल कडेवर. "आंघोळीले डोक्सं धरलं का मलेही लागते ते. सासूबाईले सांगू कशी? तुमी येता का अकोल्याले?"
येते म्हटलं. नवऱ्याला ती आज सांगणार.

१९ नोव्हेंबर
शेलूबाजारपर्यंत जीप, पुढे एसटी. मावशीही आल्या, बाळ त्यांच्याच मांडीवर. तोंड खिडकीकडे.
डॉक्टर वयानं तरुण, शांत. डोकं मापलं, बोटं फिरवली. "कुणाच्या हातानं झालेलं नाही, आजी. पोटातूनच असं येतं." मावशी पदर तोंडाला लावून तिथेच रडल्या. बारा दिवस बाई स्वतःलाच खात होती.
मग डॉक्टरांनी विचारलं, पहिल्यांदा कधी लक्षात आलं? पूजा म्हणाली, "याच महिन्यात." ते लिहायला लागले. तेवढ्यावर भागलं असतं.
"दीड महिन्याला," मी म्हटलं. "माझ्या बोटाला लागलं होतं."
स्कॅन सांगितला आहे. ऑपरेशन कधी, केवढं, ते त्यावर.
बाहेर बाकावर मावशींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मंग तवाच काहून नाही बोलल्या?"
उत्तर होतं. तुम्ही खुशीत होतात, मला घरचं माणूस म्हणत होतात, आणि ते मला घालवायचं नव्हतं. हे कुठल्या तोंडानं सांगू?

२२ नोव्हेंबर
आज स्कॅन. पूजा, तिचा नवरा आणि मावशी पहिल्या जीपनं गेले, बाळाला घेऊन. मला बोलावलं नाही. जीप क्वार्टरसमोरूनच गेली, मी दारात उभी होते.
चार वाजले. दोनदा पूजाचा नंबर काढला, लावला नाही. माझे ते दोन महिने त्या लेकराला केवढ्यात पडले, हे त्यांना एव्हाना कळलं असेल.