ताईची भूमिका

३ मार्च
सरांनी माझं ताईवरचं नाटक बसवायला घेतलं! म्हणाले, "दुसरा अंक रेंगाळतोय, पण शेवट अंगावर येतो." माझी एकच अट — ताईचं काम मीच करणार. कारखान्यातल्या कापसाच्या धुळीने तिची छाती भरत गेली, तरी मी पदवीधर होईपर्यंत ती शिलाई मशीनवरून उठली नाही. शेवटी तिथेच गेली. लोकांनी हे बघायला हवं. बघितलं की काहीतरी बदलेल. बदलायलाच हवं!

बाबा म्हणाले, "पदवी काय तोंड रंगवायला घेतलीस?"

११ मार्च
सरांनी तालीम थांबवली. "समोरचा बोलतो तेव्हा तुझे ओठ हलतात." सगळे हसले. मला पत्ताच नव्हता! लिहिताना प्रत्येकाचं वाक्य पुटपुटून बघायची सवय — ती आता सुटेना.

१४ मार्च
जीभ दातांत धरून उभी राहिले. तरी हललेच. बाबांचं काम करणारा नट म्हणाला, "बाईसाहेब, माझं मला म्हणू द्या की! नाहीतर मी घरी जाऊन झोपतो."

१९ मार्च
भूमिका गेली. "लेखिका आहेस, खुर्चीत बस." ताईचं काम आता साबणवाली करणार — जाहिरातीत साबण लावते, म्हणून आमच्यात तिचं हे नाव. आमच्या ताईच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास यायचा.
नळ सोडून रडले.

२ एप्रिल
पहिला प्रयोग. साबणवाली चांगली करते. फारच चांगली. पोटात दुखलं माझ्या, मग त्याची लाज वाटली. शेवटी ती मशीनवर डोकं टेकते, तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही.
बाहेर आल्यावर आईने माझा दंड घट्ट धरला. "तीच होती गं."
घरी बाबांना सांगत होती, "पडदा पडला ना, मग उठली ती. हसली सगळ्यांकडे बघून." दोनदा सांगितलं.

९ एप्रिल
साबणवालीला मालिका मिळाली, ती नाटक सोडून चालली. उद्यापासून ताई मीच! भूमिका गेल्यापासून रोज ओठांवर चिकटपट्टी लावून इतरांची वाक्यं ऐकत होते. आज सरांनी पारखून घेतलं. ओठ हलले नाहीत!
आईला सांगितलं. ती भांडी घासत राहिली.

१० एप्रिल
निघताना आई दारात आडवी. "ती परकी होती म्हणून बघवलं. तू नको गं मरूस तिथे. तू एकटीच उरलीस मला."
चौकटीवरची तिची बोटं एकेक करून सोडवली.
प्रयोग रंगला.