इंजिनाचे चार बोल्ट आणि अंकुरचा वाटा

मी, ईश्वरदास गणपतराव सोनकुसरे, वय ७१, जन्माने विणकर, पोटापाण्याने फिटर, खापरखेडा वीज केंद्रातून निवृत्त, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही, आणि दारू मी १९९४ पासून घेत नाही. डॉक्टरचे प्रमाणपत्र सोबत टाचले आहे. माझा मुलगा वैभव उद्या "बाबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं" असे म्हणणार नाही, याची मला खात्री नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी माझी सही आहे. निराळ्या शाईतला एकही शब्द सापडला, तर तो माझा नव्हे.

कलम १. राहते घर पत्नी कुसुमला. ती हयात असेपर्यंत ते कोणालाही विकता येणार नाही. वैभव पुण्याहून आला की टेप काढून भिंती मोजतो. विचारले तर म्हणतो, "सहज मोजून राहिलो, बाबा." सहज कोणी भिंत मोजत नाही. कुसुमच्या पश्चात घर त्याचे; तोवर टेप खिशात ठेवावा.

कलम २. बँकेतील ठेव कुसुमची. किती आहे ते तिला ठाऊक आहे, बाकीच्यांनी विचारू नये.

कलम ३. माझा मोठा टॉर्क पाना शेजारी आणि जुने मित्र ओमप्रकाश साहू, टर्नर, यांना देतो. २०११ पासून तो त्यांच्याकडेच आहे. मागितला की "अरे, कल दे दूँगा" एवढेच ऐकू येते. निदान माझ्या मागे त्याला चोरी म्हणता येऊ नये.

कलम ४. घरामागची शेड व त्यातील सर्व हत्यारे. निवृत्तीनंतर मी इथे बोटींना इंजिन बसवण्याचे काम सुरू केले, तेव्हा लोक हसले. नागपुरात कुठला समुद्र? पण आसपासच्या तलावांवर सहलीच्या बोटी आल्या होत्या, आणि बोटीच्या मागच्या अंगाला इंजिन घट्ट बसवणारा माणूस कोणाकडे नव्हता. ही शेड वैभवने विकून टाकावी. माझ्या वारलेल्या धाकट्या भावाचा मुलगा अंकुर, जो या धंद्यात माझ्या बरोबरीचा भागीदार होता, त्याला यातला एक नटही देऊ नये.

कारण लिहितो. जानेवारी २०१७ मध्ये आम्ही दोघांनी बोटवाले भैयाजी यांच्या बोटीवर इंजिन चढवले. चार बोल्ट अंकुरने इतवारीच्या बाजारातून आणले. मी उत्तम प्रतीचे स्टेनलेस सांगितले होते, जे पाण्यात गंजत नाही. बिल मात्र त्याच्याकडून "हरवले". पुढच्या वर्षी डिसेंबरात भर तलावात इंजिन सुटून बोल्टांसकट तळाशी गेले. बोट गर्रकन फिरली आणि एका बाईचा हात मोडला. मी काठावर, सगळ्यांसमोर विचारले, "काहून गा, हलके बोल्ट आणून किती वाचवले?" तो म्हणाला, "मोठे बाबा, तुम्ही सांगतले तेच आणले." पुरावा पाण्यात होता, म्हणून त्याला असे बोलता आले. मी एकूण एक बोटवाल्याला सावध केले. त्याला कोणी काम दिले नाही, ठरलेली सोयरीकही मोडली. हे लिहिताना मला वाईट वाटत नाही.

कलम ५. शेड जो घेईल त्याच्यासाठी. बोल्ट घेताना लोहचुंबक खिशात ठेवावा. तो घट्ट चिकटला तर दुकानदार खोटे बोलतो आहे. नट आतून प्लास्टिकचे कडे असलेलाच घ्यावा, इंजिनाच्या हादऱ्याने तो सैल होत नाही. वॉशर मोठा घ्यावा. आवळून झाल्यावर नट आणि बोल्ट यांवरून लाल रंगाची एक रेघ ओढावी, म्हणजे मागाहून कोणी हात लावला की कळते. स्टेनलेसवर स्टेनलेस अडकून बसते, म्हणून आट्यांना खापरखेड्याला बॉयलरच्या बोल्टांना लावतो तो तांब्याचा ग्रीस भरपूर लावावा.

(येथून पुढचा मजकूर १६ जून २०२५ रोजी लिहिला. संपूर्ण कलम ४ आणि कलम ५ चे फक्त शेवटचे वाक्य मी रेघ मारून खोडले आहे. खालचे अक्षर वाचता येते, ते तसेच राहू द्यावे.)

कलम ६. परवा भैयाजींचा फोन आला. तलाव आटला, चिखलात इंजिन सापडले. मी ओमप्रकाशला घेऊन गेलो. गंजलेले बोल्ट पाकिटात घालून या कागदाला पुरावा म्हणून जोडायचे, असा बेत होता.

चारही बोल्ट इंजिनाला होते. चिखल पुसला आणि ते चकाकले. चुंबक लावला, चिकटला नाही. पहिला संशय भैयाजींवर गेला, यांनीच बदलले असतील म्हणून. पण नटांवरच्या लाल रेघा माझ्या हाताच्या होत्या आणि तसूभरही सरकलेल्या नव्हत्या.

घरी येऊन पोत्यातली प्लेट काढली. इंजिन बुडाल्यावर बोटीवर राहिलेली हीच अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, जिला हे बोल्ट मारले होते. साडेसहा वर्षे पुरावा म्हणून जपली, पण उघडून एकदाही पाहिली नाही. माझी खात्री होती ना! चारही भोके खाऊन एवढी मोठी झाली होती की वॉशरसकट बोल्ट आरपार निघावा. कडेला पांढरी भुकटी आणि तिच्यात लालसर ग्रीस. ओमप्रकाशने बोट लावून पाहिले. "ईश्वर, ताँबा, अ‍ॅल्युमिनियम और ऊपर से पानी? ये किसने लगाया?"

मी लावला. दोन बोटांनी, भरभरून. बॉयलरचा पाइप लोखंडाचा असतो, तिथे तो ग्रीस बरोबरच आहे. इथे पाण्यात तांब्याने अ‍ॅल्युमिनियम खाल्ले.

अजून एक लिहायचे आहे. त्या दिवशी अंकुरने डबा हातात घेऊन म्हटले होते, "मोठे बाबा, अ‍ॅल्युमिनियमले लावू नका असं लिहून आहे यावर." मी म्हणालो, "पस्तीस वर्षं नट आवळले म्या, तू मले शिकवून राहिला का?" त्याने डबा खाली ठेवला. मी हे विसरलो नव्हतो. मी ते कोणाला सांगितले नाही, एवढेच.

कलम ७. तांब्याचा ग्रीस बोटीला कदापि लावू नये. बोटीसाठी तांबे नसलेला पांढरा ग्रीस मिळतो, तो घ्यावा. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर आणि भोकात नायलॉनची नळी घालावी, वरून सीलंट भरावा. डब्यावरचे वाचावे. वाचून दाखवणाऱ्याचे ऐकावे.

कलम ८. शेड, हत्यारे आणि माझे नाव असलेली पाटी अंकुरची. दोष माझा होता हे सांगायला मी मरायची वाट पाहिली नाही. काल भैयाजींसह सहाही बोटवाल्यांच्या दारात जाऊन सांगून आलो. सोयरीक मात्र मला परत आणता येत नाही. त्या मुलीला आता दोन मुले आहेत.

कलम ९. आज १९ जून. कुसुमने बोलावल्यावरून अंकुर आला. मी सगळे वाचून दाखवले. त्याने पाणीही घेतले नाही. मग विचारले, "ज्याले काही मिळते, त्यानं साक्षीदार म्हणून सही करू नये, असं म्हणते ना वकील?"

"म्हणते."

"मग कलम आठ खोडा. मले साक्षीदार करा."

मला वाटले, यात काहीतरी डाव आहे. सवय जात नाही. मी विचारले, "अख्खी शेड सोडून नुसती सही काहून पाहिजे गा तुले?"

"मी खरं बोललो तवा कोणी मानलं नाही, मोठे बाबा. या कागदावर माझी सही खरी धरा लागते सगळ्याईले. वैभवलेबी. तुमालेबी."

मी डाव शोधला. सापडला नाही. मला रडू आले, तेही इथे नोंदवून ठेवतो. कलम ८ मधील पहिले वाक्य मी खोडले आहे. ओमप्रकाशही साक्षीदार, म्हणून पाना त्यांना आजच देऊन टाकला आणि कलम ३ ही खोडले. शेड कुसुमला, ती पुढे कोणाला देईल ते तिचे ती पाहील, वैभवने त्यात पडू नये.

ठिकाण : नंदनवन, नागपूर
दिनांक : १९ जून २०२५

(सही) ईश्वरदास गणपतराव सोनकुसरे

साक्षीदार १ : (सही) ओमप्रकाश साहू, टर्नर, नंदनवन. पाना मिला हुआ है.

साक्षीदार २ : (सही) अंकुर सोनकुसरे. मोठ्या बाबांनी माझ्यासमोर सही केली. मजकूर मी वाचला. खरा आहे.