पाटी चारशे मीटर पुढं

१० सप्टेंबर, रविवार

आज पुन्हा! गाड्यांचा वेग मोजणारी दिव्यांची पाटी जागेवर नाही. चाकांवरची आहे म्हणून काय कुणीही ओढून न्यायची? मी लावलेली सलालाच्या घाटाच्या पायथ्याशी, नकाशात खूण आहे तिथं. सापडली चारशे मीटर वर, वळणाच्या पलीकडे, धुक्यात पिवळी लुकलुकत — "हळू! उंट!" तीन दिवसांची मापं पाण्यात.

शेजारी तो उंटवाला बखीत दगडावर बसून चहा पितोय. सत्तरीचा म्हातारा, बावीस उंटिणींचा मालक. वर मलाच विचारतो, "उशीर केलास, पाटीवाल्या?"

"काका, ही सरकारी वस्तू आहे."

"आणि ही उंटांची वाट आहे. सरकारच्या आधीची."

डोकंच फिरलं. एकट्यानं ढकलत खाली आणली. हसत होता लेकाचा.

११ सप्टेंबर

परत नेली. परत!!

१२ सप्टेंबर

इंजिनिअर यारुबचा मस्कतहून फोन. सोमवारी समिती येणार, चाचणीची सलग मापं हवीत. "नाही जमलं तर सोहारला परत जा आणि बापासारखे मासे वीक." हलकट! सहा वर्षं सलालात कंत्राटावर काढली मी. या चाचणीवर माझी कायमची नोकरी लटकलीय, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

मापं खरं तर झकास येतात. इथल्या लोकांना दिवे लावलेलं काहीही दिसलं की पोलिसांचा कॅमेराच वाटतो. एकशे दहानं येतात, पाटी दिसली की करकचून ब्रेक, साठ! पाटी हिरव्या अक्षरांत "धन्यवाद" म्हणते. पाटी मागं पडली की पुन्हा पाय खाली, एकशे दहा. एकजात मूर्ख.

हे यारुबला सांगितलं तर म्हणे, "पाटीच्या पुढचं मोजायला सांगितलंय का तुला?"

नाही सांगितलं. मी मोजत नाही.

१३ सप्टेंबर

साखळी आणली, पाटी खांबाला बांधली. कुलूप घातलं. बखीत बघत उभा.

"खरीफचा पाऊस संपत आला," म्हणाला. "उंट आता डोंगरावर चढवायचे. नऊ गाभण आहेत माझ्या. त्यांच्या आया जिथं रस्ता ओलांडायच्या तिथंच त्या ओलांडणार. वळणाच्या पलीकडे."

"मग खाली आणा ना! पाटीसमोरून न्या!"

"तू तुझ्या माशांना सांगून बघ एकदा, दुसरीकडून पोहा म्हणून."

त्यालाही मासेच सुचावेत! मग मीही वाट्टेल ते बोललो. काय बोललो ते इथं लिहीत नाही. त्यानं तरी खजुरांचं ताट पुढं केलं. मी हात मागे घेतला. इथं असं कुणी करत नाही — मला माहीत होतं, म्हणूनच केलं. म्हाताऱ्यानं ताट उचललं आणि उंटांकडे गेला.

१४ सप्टेंबर

पाटी जागेवर. हा हा!

१६ सप्टेंबर

जागेवर. म्हातारा लांबून येतो, कुलूप हलवून बघतो, जातो. बघ बाबा, रोज बघ.

१८ सप्टेंबर, सोमवार

समिती खूश! वेग निम्म्यावर आला म्हणे. यारुबनं सगळ्यांदेखत पाठ थोपटली. नोकरी पक्की!! बखीत वरच्या वळणावरून हात हलवून काहीतरी ओरडत होता. एकानं विचारलं, कोण तो? मी म्हणालो, "आहे एक वेडा."

ऑफिसात परतलो, चार वाजलेत. धुकं दाट आहे, पण घर घाटापलीकडे, बायकोला तोंडानं सांगायचंय. निघतो.

२० सप्टेंबर

इस्पितळात, बाकड्यावर बसून लिहितोय. परवा पाटीपाशी ब्रेक दाबला. साठ. धन्यवाद. पाटी मागं पडली आणि पाय खाली — मीसुद्धा! वळणापलीकडे बखीत रस्त्याच्या मधोमध उभा होता, डोक्याचं फडकं सोडून हलवत. त्याच्या मागून गाभण उंटिणी ओलांडत होत्या.

नऊच्या नऊ वाचल्या. त्याचा उजवा पाय माझ्या गाडीखाली आला, गुडघ्यापासून काढला.

आज शुद्धीवर आला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा.

"तेरा उंटिणी अजून खाली आहेत," म्हणाला. "कुलूप काढ, पाटीवाल्या."