साडेचार सेंटीमीटर

३ मार्च, सोमवार

साडेचार सेंटीमीटर! तीनदा मोजलं. हिच्या चाकाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून एकोणपन्नास. गाडीची सीट साडेत्रेपन्न. सुताराकडून पलंगाचे पाय कापून पलंग एकोणपन्नासवर आणला, तेव्हापासून ही फळी टाकून खुर्चीतून पलंगावर आपली आपण सरकते. मला हातही लावू देत नाही. म्हणजे खोट हिच्यात नाही, गाडीच्या उंचीत आहे.

हिचा डावा पाय गुडघ्यावरून काढला त्याला आठ महिने झाले. उजवा गुडघा आधीपासूनच कुरकुरतो, त्यावर भार टाकून उठता येत नाही. गाडीत दोनदा उचलून बसवलं. एकदा मी आणि मेहुणा, एकदा मी आणि वॉचमन. दुसऱ्या वेळी गाऊन वर गेला आणि समोरच्या गॅलरीत तीन माणसं चहा पीत उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "मी पोतं नाही. यापुढे मला कुणी उचलायचं नाही." त्यानंतर दवाखान्याची ॲम्ब्युलन्स सोडली तर उंबरा ओलांडलेला नाही. एकोणीस वर्षं शाळेची व्हॅन चालवलेली बाई! आता खिडकीत बसून लोकांचं पार्किंग बघते आणि एकेकाला नापास करते.

दुकानात फोटोची फ्रेम दोन मिलिमीटर मोठी झाली तर मी कापतो. गाडी कापता येत नाही. पण खाली आणता येते म्हणे.

५ मार्च, बुधवार

स्प्रिंगा आणल्या. मूळच्यापेक्षा आखूड, गाडी चार सेंटीमीटर खाली बसते. उरलेला अर्धा सीटच्या स्पंजमधून काढीन. काउंटरवरच्याने विचारलं, "काका, मुलासाठी का?" म्हटलं, बायकोसाठी. तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा.

हिला सांगितलेलं नाही. मागे हिला गाडीत बसवायला पट्ट्यांची झोळी आणली होती, ती फसली. मग चार दिवस ही 'हं' आणि 'उं' यापलीकडे बोलली नाही. पुन्हा आशा लावून पुन्हा तोंडघशी पाडायचं, नको. आधी जमू दे.

९ मार्च, रविवार

मेहुण्याला बोलावलं. तीस वर्षं बस डेपोत काढलेला माणूस. येतानाच बाह्या सरसावून आला.

"दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस हातचा जातो," असं म्हणाला आणि माझ्या मागे जाऊन उभा राहिला. सगळं मीच केलं. गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबकळतायत, मी पाठीवर आडवा आणि वरून याचा आवाज — "आवळ. अजून आवळ. ढिलं राहिलं तर जन्माची अद्दल घडेल." एकेक नट असा आवळला की खांदा अजून ठणकतोय.

संध्याकाळी गाडी खाली सोडली. टेप लावली. एक्कावन्न. फक्त अडीच सेंटीमीटर उतरली! दीड कुठे गेला?

"बसेल हळूहळू," मेहुणा म्हणाला. "नवीन आहे, लाजतेय."

चहा पिताना विचारलं, डेपोत नक्की काय करायचास? टायरच्या स्टोअरमध्ये होता. टायर मोजून द्यायचा आणि मोजून घ्यायचा. हे आधी विचारायला हवं होतं.

खिडकीतून ही — "काय चाललंय अहो?" म्हटलं, सर्व्हिसिंग.

१० मार्च, सोमवार

गेटच्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. वॉचमन म्हणतो, "काका, आता रेसिंग का?"

१२ मार्च, बुधवार

गाडी सरळ जाते तेव्हा स्टिअरिंग तिरकं. स्टिअरिंग सरळ केलं की गाडी फुटपाथकडे. समोरून पाहिलं तर पुढची चाकं खाली फाकलेली, वर आत झुकलेली, नुकतंच उभं राहिलेलं वासरू जसं. टायरची आतली कड तीन दिवसांत खरवडली गेली. मुळात मी ड्रायव्हर यथातथाच. क्लच शिकवता शिकवता हिने हात टेकले, म्हणून तर ऑटोमॅटिक घेतली.

दुपारी लेकीचा फोन. मामाने सांगितलेलं दिसतंय. "बाबा, आईचं असं असताना तुम्हाला गाडी नटवायचं सुचतं कसं?" खरं कारण सांगता येत नव्हतं. ही पलीकडच्या खोलीत होती, सगळं ऐकू जातं. माझा फोन ठेवून लेकीने हिला लावला असावा, तिथून आवाज आला, "करू दे गं त्यांना. माणसाला काहीतरी हवं असतं." रागावली असती तर परवडलं असतं.

वाईट वाटलं. फारच.

१५ मार्च, शनिवार

अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. लांबट शेड, मधे रॅम्प, भिंतीवर स्क्रीन. माणूस साठीचा, तोंडात शब्द कमी. गाडी वर घेतली, खाली बॅटरी मारली, थांबला.

"हे कुणी आवळलं?"

"मी."

"चाकं हवेत असताना?"

"मग कशी आवळणार?"

तो स्टुलावर बसला. मग मला पोटाखाली नेऊन दाखवलं. चाकं धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या सांध्यात रबर असतं. ज्या अवस्थेत आवळाल, तीच त्याला आपली जागा वाटते. "तुम्ही लोंबकळत असताना आवळलंत. आता गाडी खाली बसायला बघते आणि रबर तिला वर ढकलतं. तुमचा दीड सेंटीमीटर इथे अडकलाय." सगळं ढिलं करायचं, गाडी चाकांवर उभी करायची, रोज जेवढं वजन बसतं तेवढं आत ठेवायचं, मग आवळायचं. त्यानंतर चाकं सरळ. तोपर्यंत त्यांना हात लावण्यात अर्थ नाही.

"गाडीत कोण बसतं?"

"मी. आणि डावीकडे बायको."

"त्यांचं वजन?"

चौतीस वर्षांचा संसार. मला सांगता येईना. बासष्ट माहीत होतं, ते दोन पायांचं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फडक्याने पाना पुसत बसला. म्हणाला, "मंगळवारी विचारून या."

१६ मार्च, रविवार

सकाळपासून तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. शेवटी विचारलं, तुझं वजन किती असेल गं?

"कशाला? उचलायचंय?"

"नाही."

"चोपन्न. मागच्या महिन्यात नर्सने केलं." मग खिडकीकडे बघत — "पाय वजा जाता."

१८ मार्च, मंगळवार

वाळूची दोन पोती, सत्तावीस अधिक सत्तावीस. अलाइनमेंटवाल्याने डाव्या सीटवर ठेवली आणि विसरायला नको म्हणून खडूने त्यांच्यावर लिहिलं — 'बाई'. उजवीकडे मी. गाडी पोत्यांना पट्टा लावा म्हणून टणटण करायला लागली, तर तोही लावला. मग हात मांडीवर ठेवून पोत्यांशेजारी तासभर बसलो.

त्याने खालून एकेक नट सैल केला. गाडी हुश्श करून खाली बसली. अगदी जाणवलं. पुन्हा आवळलं, चाकं सरळ केली, स्क्रीनवरचे लाल आकडे एकेक करून हिरवे झाले. टेप लावली. साडेएकोणपन्नास!

येताना स्टिअरिंगला दोन बोटं लावली होती. सरळ. डोळ्यांत पाणी आलं. गाडी चालवताना येऊ नये.

पोती परत द्यायची राहिली. खाली उतरवत होतो तर खिडकीत ही. खडू तिथूनही वाचता येत होता.

"हे काय आहे?"

वर जाऊन सगळं सांगितलं. स्प्रिंगा, रबर, दीड सेंटीमीटर, चोपन्न किलो. पोतं म्हणून चिडेल असं वाटलं होतं. नुसतं म्हणाली, "टेप द्या." टेप घेतली आणि उशीखाली ठेवली.

२० मार्च, गुरुवार

सीटचे स्पंज कापले. गरज डावीकडे होती, पण दोन्ही कापले. एकच कापला तर जोडी विजोड दिसते. फ्रेमवाल्याची खोड.

२२ मार्च, शनिवार

आली! स्वतः म्हणाली, "चला." लिफ्टने खाली. उंबरा, उतार, पार्किंग. समोरच्या गॅलरीत तीच तीन माणसं, तोच चहा. हिने आधी टेप काढली आणि स्वतः मोजलं. एकोणपन्नास. माझ्यावर विश्वास नाही, आणि नसावाच.

डावीकडचं दार उघडलं. खुर्ची लावली, ब्रेक लावले, फळी टाकली. मी दोन पावलं मागे उभा, हात पाठीशी बांधून, कारण तसं बजावलं होतं. एक, दोन, तीन, चार. चौथ्या हिसक्याला आत. दार तिने स्वतः ओढून लावलं. गॅलरीतल्या एकाने टाळी वाजवली, तेव्हा हिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचा हात कपाकडे गेला.

पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो, तिथून हायवे, तिथून परत. मी खुशीत. ही मात्र, "ब्रेक उशिरा. आरसा बघा. आता कुणाची वाट बघताय?" आणि उजवा पाय सारखा पायपुसणीवर दाबतेय. जुनी सवय. घर येईपर्यंत पायपुसणी गोळा होऊन पुढे गेली होती.

आपली आपण खुर्चीत उतरली. मग गाडीकडे वळून — "उजवीकडची सीट किती आहे?"

"तेवढीच. दोन्ही स्पंज कापलेत."

"हं," म्हणाली. पण हा 'हं' वेगळा होता. आनंदाचा असावा.

लेकीला फोन करून सांगितलं. सगळं दोनदा सांगायला लावलं. मग "सॉरी बाबा" म्हणाली. म्हटलं, राहू दे गं.

२४ मार्च, सोमवार

सहाला जाग आली. ही पलंगावर नाही. स्वयंपाकघरात नाही. खिळ्यावर किल्ली नाही. तसाच खाली धावलो. गाडी नाही! पार्किंगमध्ये आमच्या जागेत हिची खुर्ची, उजव्या रेषेला लागून, दोन्ही ब्रेक लावलेले.

सव्वासातला आली. एका दमात गाडी मागे घेतली आणि ड्रायव्हरचं दार बरोबर खुर्चीपाशी आणून लावलं. काच खाली केली.

"डॉक्टरांना महिन्यापूर्वीच विचारून ठेवलं होतं. म्हणाले, ऑटोमॅटिक आहे, उजवा पाय आहे, मग अडतंय कुठे? अडत होतं आत बसण्यापाशी." मग इंजिन बंद करत — "जराशी उजवीकडे ओढते अहो. पोती चुकीच्या सीटवर ठेवलीत तुम्ही."

अलाइनमेंटवाल्याला फोन केला. उद्या दहाला या म्हणाला. आता डावीकडे कोण बसणार आणि वजन किती, ते विचारलं.

मी. एकाहत्तर.